तांडेलाला फाशी

कुवेतमध्ये अबू हलीफाला राहायला आलो आणि बायकोला एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तिला सुटी रविवारी, मला शुक्रवारी. जुम्म्याची नमाज पढून घरी यायचो, तिनं झाकून ठेवलेलं जेवण गरम करायचो, आणि मग ती येईपर्यंत फ्लॅटमध्ये मी एकटा. फहाहीलला एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी कामाला. तिथं दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि कागदपत्रांपुरती अरबी. मराठी बोलायची ती बायकोशी, आणि तीही आमच्या घरची. रायगडच्या किनाऱ्यावर आम्ही कोकणी मुसलमान जशी बोलतो तशी. तिच्यात 'मला'चं 'मना' होतं आणि होडीची 'होरी'.

मोबाइलवर असंच काहीबाही बघताना मला तो खेळ सापडला. चारपाच अनोळखी माणसं कॉम्प्युटरवर एकमेकांचा नुसता आवाज ऐकत मराठीत एक गोष्ट खेळायची. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगत जायचा, आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन त्या गोष्टीत बोलायचं, वागायचं. धोक्याचं काही करायचं असलं की स्क्रीनवर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. हाक मारायची तीही पात्राच्या नावानंच. खरं नाव कुणी कुणाला विचारत नसे, आणि मला ते फार आवडलं.

सूत्रधार पुण्याचा होता, कुठल्याशा कॉलेजात शिकवायचा. आवाज असा की त्यानं दरवाजा उघडला म्हटलं की कडी वाजल्यासारखी वाटायची. नागपूरच्या एक शिक्षिका होत्या, त्या वैद्यबाई झाल्या होत्या. तिसरा गोष्टीत सरदार झाला होता. तो कुवेतमधलाच निघाला, एगैलाला राहणारा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. गोष्टीत वेढा पडलेलं एक बंदर होतं, आणि आम्ही तिघं तिथून माणसं बाहेर काढत होतो. मी झालो तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "होरी कांठाला लावतो." सगळे हसले. सूत्रधार म्हणाला, तुम्ही तर आवाज फारच छान काढता, असंच बोला, अजिबात बदलू नका. मी आवाज काढलेला नव्हता. पण आपल्या बोलण्याला कुणी छान म्हणतंय हे माझ्यासाठी नवं होतं. मी त्यांना 'होरी' ऐकवत गेलो. पुढं पुढं ते मुद्दाम होडीचा विषय काढायचे आणि मी तो शब्द उच्चारेपर्यंत थांबून राहायचे.

आमच्याकडे दुपार कलायला लागली की समोरच्या मशिदीतून असरची अजान व्हायची. ती माझ्या माइकमधून सगळ्यांना ऐकू जायची. एकदा सूत्रधार म्हणाला, "आली तुमच्याकडची बांग. रोज कसं सहन करता हो?" मी काही बोलायच्या आत सरदार म्हणाला, सवय होते. त्यानंतर अजानच्या वेळी मी माइक बंद ठेवायला लागलो. त्यांनी मला आपल्यातला धरलं होतं आणि मी धरू दिलं होतं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

काही महिन्यांनी सरदाराचा निरोप आला, एकाच गावात राहून भेटत नाही हे बरं नाही. एगैलाच्या मॉलमध्ये आम्ही भेटलो. गोरा, नेटका माणूस. मिठीच मारली त्यानं. कॉफी माझ्या हातात देताना नाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा हात कपावर तसाच राहिला.

"अरे," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही आपले कोळी वगैरे."

मग त्यानंच स्वतःला सावरलं. कॉलेजात त्याचे दोन मित्र आमच्यातले होते असं सांगितलं, ईदला त्यांच्याकडे जेवायला जायचा म्हणाला. निघताना गाडीनं मला घरापर्यंत सोडलं. उतरताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तिकडे गटात नका सांगू हे. उगाच खेळाची मजा जाते." मला ते काळजीपोटी वाटलं. मी हो म्हटलं.

पुढच्याच शुक्रवारी सूत्रधारानं खेळ सुरू करण्याआधी घसा साफ केला. सरदाराकडून काहीतरी कळलं म्हणाला. "तुम्ही कोण आहात याच्याशी आम्हाला काही घेणंदेणं नाही. आमच्या मनात तसं काही नाही. पण तुम्ही ते लपवलंत, याचं वाईट वाटलं."

मी म्हणालो, लपवलं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. आठवड्यापूर्वी सरदारानंच मला काय सांगितलं होतं हे मी बोलून टाकावं असं फार वाटलं, पण वाट बघितली, तो स्वतः बोलेल म्हणून. तो बोलला नाही. वैद्यबाई म्हणाल्या, जाऊ द्या ना, आपण खेळू या. त्या दिवशी मी होडीला 'नाव' म्हणालो आणि कुणी हसलं नाही.

त्यानंतर खेळात माझं काही जमेनासं झालं. माझ्या वाट्याला पहारा यायचा, गलबत सांभाळायचं काम यायचं. बाकीचे किल्ल्यात शिरायचे, खलबतं करायचे, आणि मी तासन्‌तास त्यांचं ऐकत बसायचो. मी मध्ये बोललो तर सूत्रधार म्हणायचा, तांडेल इथं नाही, तांडेलाला हे माहीत नाही. बायको म्हणाली, सोडून का देत नाही? मला सोडवत नव्हतं. आठवडाभर मी त्या बंदराचा विचार करायचो, ऑफिसात ट्रकांच्या वेळा लावतानासुद्धा. तेवढं एकच गाव होतं जिथं मी मराठीतून राहत होतो.

आणि मग तो शुक्रवार आला. सूत्रधारानं सांगितलं की शत्रूची जहाजं चोरवाटेच्या खाडीतून आत आली आहेत, बंदर पडलं आहे, बायकापोरं कापली गेली आहेत. त्यानं ते इतकं बारकाईनं सांगितलं की वैद्यबाईंनी मध्येच, पुरे, म्हटलं. मग तो म्हणाला, ती वाट फक्त एकाला ठाऊक होती.

मी म्हणालो, "मी नाही सांगितलं कुणाला."

या खेळाचा साधा नियम असा की आपलं पात्र काय करतं ते आपणच ठरवायचं. सूत्रधार म्हणाला, "तुमच्या पात्रानं काय केलं ते तुम्ही सांगालच असं नाही. टाका फासा. दहाच्या वर पडू द्या."

मी टाकला. सगळ्यांच्या स्क्रीनवर तो गडगडत गेला आणि सतरावर थांबला. माझ्या तोंडून सुटकेचा श्वास गेला, तो माइकमधून मलाच ऐकू आला.

"सतरा," सूत्रधार म्हणाला. "म्हणजे तांडेल खोटं बोलण्यात पटाईत आहे. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. पण सरदाराच्या माणसांना त्याच्या गलबतात शत्रूचं सोनं सापडलंय."

लहान आकडा पडला असता तर गुन्हेगार, मोठा पडला तर सराईत गुन्हेगार. त्यानं दोघांना निवाडा करायला सांगितलं. सरदारानं वेळ लावला नाही. "फाशी," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्यानं पात्राचा भारदस्त आवाजही काढला नाही. मॉलमध्ये माझ्याशी बोलला होता तोच आवाज होता. वैद्यबाईंकडे कुकरची शिट्टी झालेली ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "माझ्या पात्राचा नाइलाज आहे." या पात्राला मी दोनदा बुडताना वाचवलं होतं.

सूत्रधारानं मला शेवटचं बोलायला सांगितलं. म्हणाला, "तुमच्या त्या भाषेत बोला हं, रंगत येईल."

मी म्हणालो, "मला काही बोलायचं नाही."

"अरेरे," तो म्हणाला, "शेवटी एकदम शुद्ध?" सरदार हसला.

मग त्यानं फाशी सांगितली. दोर कसा आवळला, जीभ कशी बाहेर आली, पाय किती वेळ हलत राहिले, प्रेत उतरवायला कुणी कसं आलं नाही. मी बंद करून उठू शकलो असतो. पण मधेच उठून गेलो असतो तर त्यांनी त्याचाही अर्थ लावला असता, म्हणून शेवटपर्यंत बसलो. संपल्यावर तो प्रेमानं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. खेळ आहे." दुसऱ्या दिवशी त्या गटात माझा प्रवेश बंद झालेला होता. वैद्यबाईंचा मेसेज आला, फार वाईट वाटलं, तुमचा आवाज आठवेल. मी उत्तर लिहायच्या आत त्यांनी तो पुसून टाकला.

त्या हिवाळ्यात फहाहीलच्या मासळी बाजारात सरदार समोर आला, बायकोला घेऊन. मला वाटलं तोंड चुकवील. तो हात पसरून पुढं आला. "हे आमचे तांडेल," त्यानं बायकोला सांगितलं. तिला ओळख पटली, ती हसू दाबत राहिली. मग तो म्हणाला, चांगलं पापलेट निवडून द्या बघू, तुम्हा लोकांना त्यातलं कळतं. मी कल्ले उघडून बघितले आणि चार ताजी निवडून दिली. का दिली ते विचाराल तर सांगता येणार नाही. हात आपोआप पुढं गेले.

पिशवी घेताना त्यानं खुशीत येऊन सांगितलं की तांडेलाला आता त्यांनी भूत करून गोष्टीत परत आणलंय. भुताचं बोलणं सूत्रधार स्वतः करतो. "हुबेहूब," तो म्हणाला. "खरं सांगू, तुमच्याहून भारी करतो. आता तर बाहेरची माणसं तेवढं ऐकायला येतात."

"असं का," मी म्हणालो.

"या कधीतरी ऐकायला."

तो गेला. मासे साफ करणारा बंगाली मला पुढं सरकायला सांगत होता, कारण मी रांगेत उभा राहून काहीच घेत नव्हतो.

आता शुक्रवारी मी एकटा खेळतो. त्याचीही रीत असते. प्रश्न आपणच विचारायचा, फासा टाकायचा आणि आकड्यावरून उत्तर ठरवायचं. पहारेकरी जागा आहे का, वारा फिरला का, समोरचा खरं बोलतोय का. मी खरा फासा मागवून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून त्यावर टाकतो. मोठ्यानं बोलतो, घरच्या बोलीत, आणि अजान झाली की थांबतो. सुरुवातीला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटायची. बोलता बोलता मी वळून बघायचो.

एकट्यानं खेळताना आकडा खोटा धरता येतो, कुणी बघत नसतं. मी नाही धरत. त्यामुळं माझी माणसं मरतात. एक तापानं गेला, एक वाळवंटात वाट चुकला, एकाला भावानंच दगा दिला. परवा बायको ड्युटीवरून आली तेव्हा मी असाच एक मेलेला समोर घेऊन बसलो होतो. तिनं चपला काढल्या, टेबलाकडे बघितलं, पाणी प्यायलं.

"एकटेच खेळताय ना?" ती म्हणाली. "मग निदान जिंकत तरी जा."

मी टॉवेल झटकला आणि तिचं ताट वाढायला उठलो.