आत्याचा पुरावा आणि एकविसावा दिवस

चहा घ्या, पण आधी कबूल करा, हसायचं नाही! ही फजिती मी बायकोलासुद्धा कधी धड सांगितलेली नाही. तिला ती आत्यानंच सांगितली, ते सोडा.

तेव्हा मी वाशिमला एका वकिलाकडे कारकून होतो. वाशिम म्हणजे इंग्रजांचा मुलूख आणि पैनगंगा ओलांडली की निजामाची मोगलाई. माझी आत्या तिकडे साखऱ्याला. मामा, म्हणजे तिचे यजमान, निजामाच्या पोलिसात जवान होते. तापानं गेले. मूलबाळ नाही. विधवेला सरकारातून वजीफा मिळायचा, दरमहा. तो मिळाला तर आत्या आपल्या घरात आपली चूल पेटवणार, नाहीतर दिराच्या दारात जाणार. आणि तो दीर! दहाव्याच्याच दिवशी म्हणाला, "वैनी, घराला कुलूप घाला अन् आमच्याकडं या. शेणपाण्याला माणूस पाह्यजेच हाय."

मी साखऱ्याला पोचलो तेव्हा हिंगोलीच्या कचेरीचा कागद नुकताच आला होता. ओसरीवर अर्धं गाव जमलेलं.

"गोईंदा, हे वाच बाबा," आत्या म्हणाली. "तू वकिलाकडचा माणूस."

कागद उर्दूत! मला उर्दूतलं अलिफसुद्धा येत नव्हतं. पण एवढ्या लोकांसमोर तसं सांगायचं? मी कागद डोळ्यांपुढे धरला, दोनदा "हं" केलं, मान डोलावली आणि म्हणालो, "सरळ आहे."

कागद आणणारा शिपाई तोंडी सांगून गेला होता, की लग्न झाल्याचा पुरावा एकवीस दिवसांत द्यायचा, बाकीचं कागदात लिहिलंय. तेवढ्या भांडवलावर मी तासभर कायदा सांगितला. ज्यांनी लग्न डोळ्यांनी पाहिलं असे दोन म्हातारे साक्षीला न्यायचे, आणि जायचं ते अगदी शेवटच्या दिवशी. का? तर घाई करणाऱ्याचा दावा कच्चा वाटतो! हे कुठल्या पुस्तकात आहे, मला विचारू नका.

आत्यानं बोटांवर दिवस मोजले. "पन गोईंदा, त्या रोजी शुक्रवार येऊन राहिला."

"येऊ दे की. मला कुठे उपास आहे?"

"उपासाचं न्हाई रे, कचेरी..."

"आत्या, कायदा तुला कळतो का मला?"

ती बिचारी आत निघून गेली. गावातल्यांनीही माना डोलावल्या. वकिलाचा माणूस म्हणतोय, म्हणजे याच्यासाठी खास दार उघडणार असतील, असं सगळ्यांना वाटलं!

आदल्या दिवशी बैलगाडी जुंपली. आत्या, मी आणि मामांच्या लग्नात वऱ्हाडी म्हणून गेलेले दोघे, सखाराम आबा आणि धोंडबा. गाडी वेशीबाहेर पडायच्या आत दोघांचं जुंपलं.

"जेवणात बुंदी व्हती," आबा म्हणाले.

"बुंदी? लापशी व्हती! अन् तीबी पातळ!"

"अरे, तू त्या लग्नाला व्हतास तरी का?"

झालं! हे माझे साक्षीदार. रात्री सेनगावला मुक्काम केला. सकाळी तिथल्या एका ओळखीच्यानं विचारलं, "आज कचेरीला? काहून?" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपल्या वाटेनं चालता झाला.

हिंगोलीच्या कचेरीला भलंमोठं कुलूप. पायरीवर एक शेळी रवंथ करत बसलेली. पहारेकरी खाटेवरून न उठता म्हणाला, "आज जुम्मा है, भाई."

शुक्रवार! मोगलाईत सुट्टी शुक्रवारची! वाशिमला आम्ही रविवारी पाय पसरायचो आणि मला वाटायचं, सगळ्या जगाचा रविवार तोच. आत्याला ठाऊक होतं, त्या दोघा म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, शेळीलासुद्धा ठाऊक होतं. पण मी अजून ताठच. म्हटलं, "शेवटचा दिवस सुट्टीचा आला, की मुदत एक दिवसानं वाढते. कायदा आहे!"

शनिवारी चष्मेवाल्या म्हाताऱ्या पेशकारानं, म्हणजे कचेरीतल्या कारकुनानं, कागद वाचला आणि वर पाहिलं. "ये कागद पढ़ा कौन?"

दोन म्हाताऱ्यांची दोन बोटं माझ्याकडे वळली.

"इसमें साफ लिखा है. आखरी दिन छुट्टी का आया तो सबूत एक दिन पहले लाना. मुदत खतम. दावा खारिज."

आत्या तिथंच फरशीवर बसली. रडली नाही, मला बोललीही नाही. "मंग आता दिराकडंच जाते," एवढंच पुटपुटली. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पेशकाराला दया आली असावी. म्हणाला, उशीर का झाला त्याचं कारण लिहून द्या, दोन साक्षीदारांसकट, आजच्या आज. पाहतो.

मी लगेच सुरू केलं, "साहेब, पैनगंगेला मोठा पूर..."

"वैशाख में?"

तेवढ्यात आत्या उठली. पदर सावरून म्हणाली, "साहेब, खरं हाय ते लिवा. पोरगं शिकेल हाय, पन ह्यो कागद त्याला वाचता आला न्हाई."

पेशकारानं म्हाताऱ्यांना विचारलं, "बराबर?"

"बराबर!" आबा ओरडले. "कागद उलटा धरला व्हता साहेब, म्या डोळ्यानं पाह्यलं!"

"उलटाच!" धोंडबा म्हणाला.

लग्नातल्या जेवणावर दोन दिवस न जुळलेली साक्ष माझ्या अकलेवर एका दमात जुळली हो! आणि सांगून टाकतो, त्याच अर्जावर उशीर माफ झाला, पुढे वजीफा मिळाला आणि आत्या शेवटपर्यंत स्वतःच्या चुलीवरची भाकरी जेवली.

पण त्या शनिवारचं अजून संपलं नव्हतं. अर्ज लिहून झाला. मी टाक उचलला आणि खाली झोकात इंग्रजी सही ठोकायला निघालो. वाशिमला सगळे या सहीची तारीफ करायचे. पेशकारानं माझा हात धरला.

"अर्जी में लिखा है, इसको पढ़ना नहीं आता. फिर दस्तखत कैसा? अंगूठा लगाओ."

शाईची गादी पुढे आली. आधी आत्यानं अंगठा लावला, स्वच्छ, गोल. मग मी लावला. नुसता डाग पडला. पेशकार म्हणाला, फिर से. पुन्हा डाग!

तेव्हा आत्यानं माझं मनगट पकडलं, अंगठा कागदावर नीट टेकवला आणि हळूच म्हणाली, "घाबरू नको, गोईंदा. पयल्यांदा समद्यांचंच असं व्हतं."