आगीला कामाला लावणारा माणूस

त्या माणसाने मला फसवलं, हे आधीच सांगतो.

कुडव्यात माझा ढाबा आहे, हातगाडीपासून वाढवलेला. कोंबडी भाजायला मी झाकणाची, जाड भाजलेल्या मातीची कोळशाची शेगडी घेतली. पावसाळाभर ती बंद राहिली आणि आतून तिला पांढरी बुरशी धरली. साफ करायला वीटभट्टीवर काम केलेला एक म्हातारा मिळाला. दिवसभर राबायचं, असं मी घासाघीस करून त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

त्याने शेगडीवर बोटाच्या पेराने ठोकलं आणि माठ घेताना ऐकतात तसा आवाज ऐकला. जुनी राख खरवडली, कोळसा पेटवला, झाकण लावलं आणि उकिडवा बसून बिडी ओढू लागला.

"बाबाजी, बसाले बोलावलं का तुमाले?"

"आग काम करून राहिली जी. मी मधात काऊन पडू?"

दुपारपर्यंत बुरशी जळून गेली. शेगडी निवल्यावर त्याने ती झाडली. "पाणी नका लावू मालक. माती पाणी पिते, मंग आगीत फुटते," एवढं बोलून तो गेला.

इतक्या आरामात सांगितलेलं कोण खरं मानेल? कामचुकाराची सबब समजून मी शेगडी साबणाने घासली, पाइपने धुतली आणि लगेच पेटवली. वरपासून खालपर्यंत तडा गेला. आता ठोकलं की भद्द वाजते.

अर्धा दिवस बसून राहणाऱ्याने एवढी खरी गोष्ट सांगावीच कशाला? सांगायची होती तर घाम गाळून सांगायची. त्याने यावं आणि याचं उत्तर द्यावं. उभं राहून.