पाचवी पत्रावळ

माणसं मोजल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, असा माणूस मी एकच पाहिला: आमच्या शाळेचे मोठे गुरुजी. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवात फिरून डोकी मोजत आणि परस्पर आचाऱ्याला आकडा सांगून येत. मुलीचा बाप म्हणे तीनशे, हे म्हणत, "चारशे बारा. भात वाढवा." मूल गावच्या एसटीत तर त्यांनी एकदा भर रस्त्यात गाडी थांबवली. "कंडक्टरभाऊ, एक मानूस बिनातिकिटाचा हाये!" अर्धा तास झडती झाली. तो माणूस म्हणजे गुरुजीच निघाले. मोजण्याच्या नादात तिकीट काढायचं राहून गेलं होतं.

जनगणना आली की बाकीचे मास्तर रस्त्यालगतची घरं मागत, गुरुजी नाल्यापलीकडचे जंगलातले टोले, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्त्या, मागून घेत. तिथल्या काही बाया लेकरांचा आकडा सांगत नसत, नजर लागते म्हणत. गुरुजी विचारतच नसत. जेवायच्या वेळेला अंगणात जाऊन बसायचं, गप्पा हाणायच्या आणि मांडलेल्या पत्रावळी मोजायच्या, ही त्यांची रीत.

मागच्या गणनेत एका म्हातारीच्या घरी पत्रावळी मांडल्या पाच आणि जेवायला बसली चौघं.

"हे कोनाची, बाई?"

"पोरीची. तेलंगणात मिरची तोडाले गेली. दोन हंगाम झाले, आली नाई."

गुरुजींनी नियम सांगितला. इतके दिवस बाहेर असलेलं माणूस इथं लिहिता येत नाही, ते जिथं असेल तिथं लिहिलं जातं.

"तिथी कोन लिवन तिले? वावरातच झोपतेत ते लोकं. तू बी नाई लिवलं, त माही पोरगी हाये कुठी, गुरुजी?"

गुरुजींनी चारच लिहिली. नियमाला धरून ते बरोबरच होतं, पण त्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. दर उन्हाळ्यात मिरचीचे मजूर गाड्यांतून परतायला लागले की ते फाट्यावर जाऊन उभे राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईला त्या पोरीबद्दल विचारत. आम्ही बाकीचे मास्तर त्यांची चेष्टा करायचो. आज त्याची लाज वाटते.

यंदा पुन्हा गणना निघाली. गुरुजी आता अंथरुणाला खिळले आहेत. त्या म्हातारीचा टोला माझ्या वाट्याला आल्याचं कळताच त्यांनी मला बोलावून घेतलं. "पयले त्या घरी जाजो."

गेलो. म्हातारी वारली होती. तिच्या मुलाला बहिणीचं विचारलं. तो म्हणाला, "नको लिवू, मास्तर. वाट पाहून पाहून माय गेली."

परतताना सरळ गुरुजींकडे गेलो. ते उशीला टेकून माझीच वाट पाहत होते.

"पोरगी आली का रे?"

"आली," मी म्हणालो. "लिवलं तिले."

त्यांनी माझा हात धरला. "तब्येत बरी हाये न तिची?"

मी हो म्हणालो.