ओथा पेटवेच्या गॅरेजमधल्या तीन लीग

अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये लोकांच्या गॅरेजमध्ये गाडी असते, नाहीतर अडगळ असते. ओथा पेटवेच्या गॅरेजमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या तीन लीग होत्या, तिन्ही मेलेल्या. लीग बुडाली की मालक फोन उचलत नाहीत आणि सामान न्यायलाही कुणी फिरकत नाही. मग हेल्मेटं, टॉवेल, टेपची खोकी असं सगळं सामान ओथाच्या दारात येऊन पडे. त्याची बायको आयडेला अकरा वर्षं आपली गाडी गारपिटीत उभी करत होती आणि अकरा वर्षं त्याला त्यावरून ऐकवत होती.

ओथा एरवी शाळेची बस चालवी. वसंत आला आणि कुणा धनवंताला नवी लीग काढायची हुक्की आली, की त्याला सामानवाला म्हणून बोलावणं येई. यंदाची चौथी. संघाचं नाव अ‍ॅन्व्हिल्स, म्हणजे ऐरणी. या गावातल्या भट्ट्या विझून जमाना लोटला, तरी संघाच्या नावात लोखंड नसेल तर बाहेरून येणाऱ्या मालकांना चैन पडत नाही.

लीग कधी मरणार हे ओथाला आधी कळे. त्यात जादू काही नव्हती. पहिल्यांदा सरावानंतरची संत्री बंद होतात. मग हॅमचं सँडविच जाऊन पीनट बटरचं येतं. आणि घोट्यांना बांधायच्या टेपची ऑर्डर निम्मी झाली, की लीग फार तर चार दिवसांची सोबती. तिन्ही वेळा त्याचं भाकीत खरं ठरलं होतं. चर्चमधला डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी, खोटं बोलायचा नाही. त्यामुळे मालकांच्या भाषणापेक्षा खेळाडूंचा ओथाच्या चेहऱ्यावर जास्त भरवसा होता. तो जर्सीवर नावंसुद्धा कच्च्या टाक्यांनी शिवायचा. एका हिसक्यात नाव निघालं पाहिजे. इथं कोण किती दिवस टिकतो!

लीगचे अध्यक्ष मिस्टर व्हिटलॉक पार उत्तरेकडच्या कनेक्टिकटचे. त्यांनी वेळापत्रक दाखवलं तेव्हाच ओथा म्हणाला होता, "साहेब, एप्रिलातल्या त्या शनिवारी सामना नको. त्या दिवशी विद्यापीठाचा सराव सामना असतो."

"सरावच ना?"

"सरावच. स्वतःचाच संघ दोन तुकड्या करून स्वतःशीच खेळतो. सत्तर हजार लोक जातात."

"मग फारच छान! फुटबॉलवेडी सत्तर हजार माणसं तासाभराच्या अंतरावर. दहा टक्के आपल्याकडे वळली तरी पुरे."

अलाबामात जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. इथं लग्नाची तारीखही लोक तो शनिवार टाळून काढतात. पण व्हिटलॉकसाहेबांकडे तक्ते होते, आणि तक्तेवाल्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ओथाचा जीव मात्र लीगमध्ये नव्हता, केन्डेरियस बीझलीत होता. केन्डेरियस संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि डाव ठरवणारा. वय सत्तावीस. उरलेले महिने गोदामात पार्सलं निवडायचा. मोठ्या लीगनं त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच मोठ्या लीगच्या एका संघाचा पारखी त्याला बघायला येणार होता. नेमका त्याच शनिवारी.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी संत्री बंद झाली. बुधवारी पीनट बटर आलं. गुरुवारी टेप निम्मी.

कपाटांपाशी खेळाडू पिशव्या भरू लागले. पंधरा जण जरी निघून गेले असते, तरी सामना रद्द. केन्डेरियस ओथासमोर येऊन उभा राहिला. बाकीचे कान टवकारून बघत होते.

"मिस्टर ओथा, खरं सांगा. शनिवारपर्यंत तगते का?"

ओथानं त्या पोराकडे पाहिलं. सत्तावीस म्हणजे या धंद्यात म्हातारपणच. पुढच्या वर्षी कुणी पारखी येणार नव्हता.

"न तगायला काय झालं? टेपचा ट्रक रस्त्यात अडकलाय. संत्री उद्या येतायत."

"तुम्ही सांगताय म्हणजे..."

"मी सांगतोय. पिशव्या ठेवा खाली!"

पिशव्या खाली ठेवल्या गेल्या. बासष्ट वर्षं जपलेली अब्रू ओथानं अशी एका वाक्यात डावावर लावली.

घरी जाऊन त्यानं गॅरेजचं दार उघडलं. टेपची खोकी, टॉवेलांचे गठ्ठे तो ट्रकमध्ये टाकू लागला.

आयडेला दारात आली. "देवा रे, आज सूर्य कुठून उगवला? फेकून देतोयस?"

"लीग चालवतोय."

"तू? बसच्या पगारावर?"

ओथानं सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. आयडेलानं ट्रकमधल्या खोक्यांवर नजर फिरवली. मग म्हणाली, "म्हणजे मेलेल्यांच्या सामानावर मरणारी जगवायची. धन्य आहेस! संत्री कोण आणणार?"

"ते राहिलंच."

"राहणारच. बाजूला हो, बाजारात मी जाते."

शुक्रवारी सकाळी मैदानावर तीन मेलेल्या लीगच्या चिन्हांचे टॉवेल नीट घड्या करून ठेवलेले होते आणि आयडेलानं चिरलेल्या संत्र्यांचं घमेलं भरलेलं होतं. टेप मात्र जुनी, मेलेल्या लीगच्या रंगांची. कुठं चिकटेना, कुठं सुटेना. कुणाचा घोटा जांभळा, कुणाचा भगवा. पण घोट्याला लीग कळत नाही. व्हिटलॉकसाहेब आले आणि हरखलेच.

"नवा प्रायोजक मिळाला वाटतं! आणि तुम्ही म्हणे आमचे दिवस मोजत होतात!"

"मोजत नाही साहेब. घड्या घालतोय," ओथा म्हणाला.

दुपारी एकटाच बसून त्यानं केन्डेरियसच्या जर्सीवरचं नाव उसवलं आणि पुन्हा शिवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवारी सत्तर हजार माणसं विद्यापीठाकडे गेली. ज्या सामन्यात हरणाराही आपलाच, तिथं निराश व्हायची भीती नाही, हे अलाबामाचं शहाणपण. अ‍ॅन्व्हिल्सच्या मैदानात सहाशे अकरा माणसं होती, खेळाडूंच्या आत्या-मावश्या धरून. आणि तिसऱ्या रांगेत एक टकला माणूस, हातात हॉटडॉग. पारखी!

भरल्या मैदानात क्वार्टरबॅक काय ओरडतो ते कुणाला ऐकू जात नाही. इथं गलकाच नव्हता. समोरच्यांची मांडणी बघून केन्डेरियस ऐन वेळी डाव बदलत होता, कुणी कुठं धावायचं ते ओरडून सांगत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत होता. हॉटडॉग तसाच थंड झाला.

सामना संपल्यावर टकला माणूस ओथाला विचारत आला, "पोरगा कुठं भेटेल? पंचवीस वर्षं मी पोरांचे हात बघतोय. आज पहिल्यांदा एकाचं डोकं ऐकलं."

व्हिटलॉकसाहेबांचा तक्ता असा फळाला आला.

सोमवारी केन्डेरियसला मोठ्या लीगचं बोलावणं आलं. साहेबांनी पत्रकार बोलावून सांगितलं, की आमच्याकडे खरी गुणवत्ता आहे, हा घ्या पुरावा. पुरावा त्याच संध्याकाळच्या विमानानं निघून गेला. मंगळवारी टीव्हीवाल्यांनी विचारलं, आता दाखवायचं कोणाला? बुधवारी लीग बुडाली. खेळाडू वाईट असते तर कुणी बघितलं नसतं. चांगला निघाला तर त्याला ठेवून घेता आलं नाही. अशी ही दुकानदारी.

जाण्याआधी केन्डेरियसनं जर्सी मागितली होती.

"कंपनीचा माल आहे. परत जाणार," ओथानं साफ सांगितलं होतं. पोरगा हिरमुसला, पण त्यानं त्याला मिठी मारली. "तुमचा ट्रक वेळेवर आला, मिस्टर ओथा," म्हणाला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

या खेपेला मात्र माल न्यायला खरंच माणसं येणार होती. लीगला कर्ज दिलेले लोक फार नेटके असतात. नावं काढून जर्स्या मोजून द्यायच्या, असा हुकूम होता. ओथानं चव्वेचाळीस नावं उपटली, एकेका हिसक्यात. पंचेचाळिसावं नाव निघेना. त्यानं पुन्हा ओढलं. दुहेरी दोरा, बारीक टाका, चारी बाजूंनी. शुक्रवारचा त्याचाच हात.

आयडेला बघत होती. "कात्री देऊ?"

"नको."

त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि लिहिलं: एक जर्सी फाटली. त्या हंगामातलं हे त्याचं दुसरं खोटं. मग जर्सीची घडी घालून ती खोक्यात ठेवली, वर केन्डेरियसचा नवा पत्ता लिहिला आणि उरलेली जुनी टेप काढून खोकं बंद करू लागला.

टेप चिकटेना. आयडेलानं वरून तळहात दाबून धरला.