मधला कोंब

हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, रोज फोन करणाऱ्या आईजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून बोलवतंय — की नुसतं बसून ऐकाल असं वाटतंय म्हणून? ठाऊक नाही. पण आधी बाईंबद्दल सांगू दे. त्यांच्याबद्दल बोलताना मला धीर येतो.

मी गुहागरकडची. आठवीत शाळा सुटली. पुढे बऱ्याच वर्षांनी लग्न झालं आणि परळीला आले. नवरा इथल्या थर्मल वीज केंद्रात ठेकेदाराकडे वेल्डर. सकाळी तो गेला की घरात मी आणि भिंती. घरमालकीण म्हणजे बाई — शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. एकदा मी दारात रांगोळीनं माड काढत होते. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हा आठवून काढलास. आता समोर बघून काढ."

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या व्हरांड्यात स्टुलावर एक कुंडी आणि समोर मी. आधी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, कारण इथं रातोरात पानांवर राख बसते. मग बघत राहायचं. "जे दिसतंय तेच काढायचं, ठाऊक हाय ते न्हाई," बाई म्हणायच्या. शाळेनं माझ्यावर कधी एवढा वेळ घालवला नव्हता.

चहाच्या वेळी शेजारच्या गयाबाई यायच्या. व्हरांड्याला लागूनच्या बुटक्या भिंतीपलीकडं त्यांचं अंगण, अंगणात खुंट्याला चंद्री शेळी. बाईंची आणि त्यांची तीस-एक वर्षांची गट्टी.

"काय गं कोकणी, आज कुणाचा फोटू काढायलीस?" गयाबाई विचारायच्या. "आमच्या चंद्रीचा काढ की एखांदा. लई गुणाची हाय, गप उभी ऱ्हाती."

"तुझी चंद्री कुंडी खाऊन ढेकर देईल," बाई म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या. मी मधे बसून चहा प्यायचे. माहेर सुटल्यापासून इतकं उबेचं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

एक दिवस बाईंनी नर्सरीतून एक लहान पाम आणला. एकाच खोडाचा, थेट आमच्या पोफळीसारखा. "घे, तुझं माहेर आणलंय." मी मोरीत जाऊन रडून आले.

त्याचंच चित्र मी काढायला घेतलं. बाईंच्या जुन्या शाळेत चित्रं मांडायची होती, त्यात माझंही लावू म्हणाल्या, खाली माझं नाव लिहून. माझं नाव! मला झोप लागेना. हात माझा सावकाश, एक पान जमायला चार सकाळी जायच्या. आणि नेमका तेव्हाच पामाच्या मधून नवा कोंब निघाला — मिटलेला, पोपटी, सुईसारखा सरळ. रोज वाढायचा. माझं सगळ्यात चांगलं जमलेलं पान त्याच्यामागे जायला लागलं, सावल्या हलल्या.

बाई हसल्या. "झाड हाय ते, वाढणारच. नव्यानं काढ."

नव्यानं? आणि पुन्हा जमलंच नसतं तर?

सांगते. इथपर्यंत आले आहे तर सांगते.

बाई आंघोळीला गेल्या होत्या. पेन्सिल तासायच्या चाकूनं मी तो कोंब कापला — वरवर नाही, पार गाभ्यापर्यंत, पुन्हा फुटू नये म्हणून. अशा झाडाला मधला एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं. माडापोफळींत वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला ठाऊक होतं. कापतानाही ठाऊक होतं.

कोंब भिंतीपलीकडं टाकला. चंद्रीच्या पुढ्यातच पडला.

बाई ओले केस पुसत बाहेर आल्या तेव्हा चंद्रीच्या तोंडात पोपटी शेंडा होता.

"गया! तुझ्या शेळीनं झाड खाल्लं बघ!"

"बाई, ती दाव्याला हाय! हितून तिकडं तोंड कसं जाईल तिचं?"

"मग तोंडात काय हाय तिच्या?" बाई माझ्याकडं वळल्या. "तू इथंच होतीस. शेळीनंच खाल्लं ना?"

मी होकाराची मान हलवली.

"तू बगितलंस, माय?" गयाबाईंनी हळू विचारलं.

मी पुन्हा हलवली.

दावं कुणीच बघितलं नाही. नंतरच्या बाजारात गयाबाईंनी चंद्री विकली. "शेळीपायी बोल नको," एवढंच म्हणाल्या, आणि चहाला यायच्या बंद झाल्या. बाईंनीही बोलावलं नाही. पाम महिनाभर हिरवा राहिला, तेवढ्यात माझं चित्र पुरं झालं, मग तो वाळला.

चित्र शाळेत लागलं. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. आता ते त्यांच्या बैठकीत आहे. आल्यागेल्याला त्या सांगतात, "झाड शेळीनं खाल्लं, पण ह्या पोरीनं वाचवलं." तेव्हा मी चहाचा ट्रे धरून उभी असते. भिंतीपलीकडं गयाबाई एकट्या बशीतून चहा पितात. मी दिसले की अजून विचारतात, "बरी हाईस का, माय?" मी बरी आहे म्हणते.

चंद्री दाव्यालाच होती. दावं भिंतीपर्यंत पोहोचत नव्हतं. कोंब मी कापला.