लेसर आलं का, बाई?

कंबर धरलेला माणूस पायाला वजन बांधून दिवसभर उताणा पडलेला असतो. वाचता येत नाही, बसता येत नाही. मग तो बोलतो. आणि शेक देणारीला ते ऐकावंच लागतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून मी झाले 'शेकवाल्या बाई'.

*

आमचे डॉक्टरसाहेब मणक्याचे सर्जन. हात सोन्याचा, बोलणं मोजकं. एका पिठाच्या चक्कीवाल्याला तपासून त्यांनी एवढंच सांगितलं, "गादी सरकली आहे." म्हणजे दोन मणक्यांमधली.

आठ दिवसांनी चक्कीवाले सायकलरिक्षातून उतरले. मागे गुंडाळलेली गादी.

"नवा कापूस भरला साहेब, चारी कोपरे खाटेले बांधले. इंचभर नाही सरकत आता. पण कंबर काहून दुखून राहिली?"

*

भिवापूरच्या एका आजींनी पाठीला आपल्या शेतातली मिरची वाटून लावली होती. आम्हाला सांगितलं नाही. साहेबांनी मणके दाबून पाहिले आणि सवयीने डोळे चोळले.

त्यांचे डोळे मी नळाखाली धरले होते, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "असंच होते पहिले. मंग बरं वाटते."

*

पण माझा जीव अडकला होता किसनरावांत. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाकडे कामाला. डाव्या पायाचं पाऊल उचलेना. चालता चालता चप्पल गळून पडायची आणि त्यांना पत्ताच नसायचा.

"ऑपरेशन लगेच करा, नाहीतर पाय असाच लुळा राहील," साहेब म्हणाले.

पाठ चिरायची म्हटल्यावर किसनराव कागदावर सही करेनात. त्यात कुणीतरी पेपरचं कात्रण आणून दिलं: परदेशात मणक्याचं ऑपरेशन लेसरने करतात!

साहेबांनी समजावलं, "सुईतून प्रकाश सोडून गादीचा थोडा भाग जाळतात. अजून प्रयोगच चालू आहेत. आणि तुमच्या गादीचा तुकडा सुटून नसेवर बसलाय, तिथं ते चालायचं नाही."

किसनरावांना फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. रोज सकाळी मला विचारायचे, "लेसर आलं का, बाई?"

*

एकदा मीच विचारलं, "लेसर म्हणजे काय, माहीत आहे का? लाइटच असते ती."

किसनराव विचारात पडले. "लाइट? मी त इथं पडून राहिलो. तिकडं कोळसा कोण पाहून राहिलं? मधातच लाइट गेली त?"

मला वाटलं, सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शिफ्टवाल्याले निरोप धाडला, बाई. आता आणा लेसर."

मी हसले आणि त्यांचा पाय तपासला. पायाचा अंगठाही आता हलेनासा झाला होता.

*

त्याच दुपारी साहेबांच्या आई डबा घेऊन आल्या. बाकावर किसनरावांची बायको सखूबाई बसली होती. दोघींच्या गप्पा रंगल्या आणि आई बोलून गेल्या, "हा माझा पायाळू. जन्मताना आधी पाय आले."

झालं! पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीतली उसण जाते, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? सखूबाई थेट साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, पहिले एक लाथ मारा. मंग हे सही करतेत."

साहेब भडकले. आपण सर्जन आहोत, मांत्रिक नाही, वगैरे बरंच बोलले. मोजकं बोलणारा माणूस पंधरा मिनिटं बोलला. सखूबाई जागची हलली नाही. शेवटी साहेबांनी मला दार लावायला सांगितलं, उजवा बूट काढला आणि किसनरावांच्या कमरेला मोज्यातला पाय टेकवला. जेमतेम टेकवलाच.

किसनरावांनी सही केली. ऑपरेशन तासाभरात उरकलं.

तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. आधी थोडासा, मग चांगला वर उचलला. माझे डोळे भरून आले. साहेबांनी तर सगळा स्टाफ बोलावला, "बघा, बघा," म्हणत.

सखूबाईने वाकून अंगठा नीट पाहिला. मग पाठीवरची पट्टी पाहिली. मग साहेबांकडे वळली.

"लाथेनंच झालं न, साहेब? मंग चिरलं काहून?"