कशावरूनबाईंची शुक्रवारची थाप

शाळेत त्यांना सगळे ‘कशावरूनबाई’ म्हणत. कुणी नुसतं म्हणावं, “बाई, उद्या पाणी येणार नाही,” की यांचा प्रश्न तयार, “कशावरून?” शिपाईसुद्धा त्या दिसल्या की जिन्याकडे वळायचा.

नववीच्या मुलांना त्या दर शुक्रवारी मोबाईलवर एक थाप पाठवत. स्वतः रचलेली, फोटोसकट. मुलांनी सोमवारपर्यंत ती फोडायची. फोटो कुठला, तारीख कधीची, सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘वर्गासाठी, खोटं’ अशी खूण असे. पण कार्टी महालबाड! आधी खूण शोधायची आणि मग डोकं चालवायचंच नाही. म्हणून या शुक्रवारी बाईंनी खूणच घातली नाही. शहाणपण नडलं ते इथे.

फोटो होता त्यांच्या धाकट्या भावाचा. तो घरोघरी जाऊन पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. बाईंच्याच स्वयंपाकघरातला फोटो, त्यातून त्यांनी नुसता भाऊ कापून घेतला आणि खाली लिहिलं, ‘सावधान! हा माणूस फिल्टर दुरुस्तीच्या नावाखाली घरात शिरतो आणि मुलं पळवतो.’ भाऊ तर खो खो हसला होता. “ताई, माझं थोबाडच असलं आहे, पोरांना पटेल बघ!”

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. “ताई, मला मीटरच्या खोलीत कोंडलंय गं. तुझा तो फोटो...” पत्ता कसाबसा सांगितला आणि फोन कट झाला.

बाई धावल्या. एक चप्पल स्वतःची, एक लेकीची.

इमारतीखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. एकाच्या हातात बॅट होती. मीटरच्या खोलीला बाहेरून कडी. आतून दारावर धडका बसत होत्या, आणि बाई पोहोचल्या तशा त्या धडका थांबल्या.

“सोडा हो त्याला! तो मेसेज खोटा आहे, मीच बनवलाय!”

“कशावरून?” किल्ल्यांचा जुडगा धरलेले एक काका म्हणाले.

“अहो, माझा सख्खा भाऊ आहे तो!”

“मग तर तुम्ही असंच म्हणणार.”

तेवढ्यात जिन्यात त्यांना पहिल्या बाकावरची चष्मेवाली दिसली. त्यांचीच विद्यार्थिनी. “अगं, तू तरी सांग यांना!”

पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. “बाई, कालच्या मेसेजवर खूण नव्हती. म्हणून मला वाटलं, ही थाप नाही, खरीच सूचना आहे. मी आईला दाखवला, आईने ग्रुपवर टाकला.” ती अडखळली. “आणि आता भाऊ सापडला म्हणून तुम्ही खोटं म्हणत असाल तर? ज्याचा स्वार्थ आहे त्याच्या शब्दावर जायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत.”

बाईंना रडू फुटणार होतं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मग तपास.”

त्यांनी मूळ फोटो काढून दिला. पोरगी शिकवल्याप्रमाणे सावकाश बघू लागली. आधी तारीख. मग ओट्यामागची फुटकी फरशी. मग कडेला बाईंची आई, हातात पेला. “बाई, मागच्या शुक्रवारांच्या थापाही दाखवा.”

“पोरीचं कसलं ऐकत बसलाय?” बॅटवाला म्हणाला. “पोलीस येईपर्यंत दोन ठेवून देऊ त्याला!” त्याने कडीला हात घातला.

अगं बये, हो म्हण आणि मोकळी हो! बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घाई करायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी तिला मागच्या थापा उघडून दिल्या.

“काका, थांबा!” पोरगी ओरडली. “बाईंनीच बनवलाय. हा बघा, अख्खा फोटो. त्यांच्या घरातला आहे. हीच फुटकी फरशी मागच्या थापांतही आहे.”

माणसं पुढे झाली, पडद्यावर वाकली, एकमेकांकडे बघू लागली. काकांनी कडी काढली. भाऊ बाहेर आला. शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. “काळजी घ्यावी लागते हो,” काका पुटपुटले. भावाने कुणाकडे बघितलं नाही, फक्त बहिणीचं मनगट घट्ट धरलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, “ताई, सोमवारी मला चार घरी जायचंय. दार उघडतील ना गं?”

बाईंनी त्याला आपल्याच घरी नेलं. शाळेच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, जिथे जिथे जमेल तिथे खुलासा टाकला. संध्याकाळी दूध तापवत असताना फोन वाजला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावसबहिणीचा मेसेज. तोच फोटो, तीच सूचना. तिने फोटोकडे नीट बघितलेलंही दिसत नव्हतं, नाहीतर भाऊ ओळखला असता. खाली एक ओळ मात्र नवीन होती.

‘बातमी शंभर टक्के खरी. एका शाळेतल्या बाईंनी स्वतः खात्री केली आहे.’

“ताई, कुणाचा मेसेज गं?” आतून भावाने विचारलं.

दूध उतू गेलं. बाईंनी फोन ओट्यावर पालथा ठेवला.